रजाईवर मशीनचे भरतकाम : टाके किती आणि कुठे?



जयपूरची रजाई हलकेपणासाठी प्रसिद्ध आहे. वर मलमल किंवा व्हॉइलचे छापील कापड, खाली तसेच अस्तर, आणि मध्ये पिंजून मोकळ्या केलेल्या कापसाचा पातळ थर, एवढीच तिची रचना. शहराच्या झालाना भागात भारतीय शिल्प व डिझाइन संस्था आहे. त्यामुळे या परिसरात कापड, छपाई आणि भरतकाम शिकणारे विद्यार्थी नेहमी दिसतात. अलीकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थीही विचारतात, "संगणकावर चालणारे भरतकामाचे मशीन शिकलो, तर स्वतः रजाई किंवा भेटवस्तू करता येईल का?"

येईल. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी लागते. रजाईवर घातलेला प्रत्येक टाका भरण दाबतो आणि कापडाला एक छिद्र पाडतो. म्हणजे टाके जितके जास्त, तितकी ऊब कमी आणि कापड ताठ. भेट मिळालेल्या माणसाने ती रजाई थंडीत अंगावर घ्यावी, की घडी घालून कपाटात ठेवावी, हे टाक्यांची संख्या आणि जागा यांवर ठरते. या टिपणात आपण हा हिशेब मांडू. त्यासाठी शालेय गणित, थोडे उष्णतेचे भौतिकशास्त्र आणि आलेख सिद्धान्ताचा एक नियम पुरेसा आहे.

१. तीन थर आणि त्यांना धरणारा दोरा

महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ, बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातील कौदी आणि जयपूरची रजाई यांचे मूळ काम सारखेच आहे. कापडाचे थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून त्यांतून दोरा घालायचा. गोधडीत हे काम धावदोऱ्याने होते. जयपूरकडे रजाई शिवण्याच्या या कामाला 'तगाई' म्हणतात.

गोधडी आणि रजाई यांत एक फरक आहे. गोधडीत जुन्या साड्यांचे आणि धोतरांचे थर असतात. ते आधीच विणलेले असल्यामुळे आतल्या आत गोळा होत नाहीत. रजाईत मात्र सुटा कापूस असतो. तो धरून ठेवला नाही, तर काही दिवसांत एका कोपऱ्यात जमतो. म्हणून रजाईत तगाई हवीच. पण तगाईसाठी लागणारे टाके आणि नक्षीसाठी लागणारे टाके यांच्या संख्येत फार मोठे अंतर आहे.

२. टाका कसा पडतो?

शिलाई मशीनचा टाका दोन धाग्यांचा असतो. वरचा धागा सुईतून खाली जातो. खाली शटल त्याचा फास पकडते आणि बॉबिनभोवती फिरवते. दोन्ही धागे एकमेकांत अडकतात आणि वरचा दांडा धागा परत ओढून घेतो. एलियस हाऊ यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत अशा मशीनचे पेटंट घेतले. आजचे संगणकीय मशीनही याच पद्धतीने टाका घालते. फरक एवढाच, की कापड हाताने सरकवण्याऐवजी रिंग, म्हणजे कापड धरणारी चौकट, दोन मोटरींच्या साहाय्याने पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकते.

साध्या शिलाईत दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या मधोमध यावी लागते. भरतकामात वरच्या धाग्याचे टेन्शन थोडे सैल ठेवतात, म्हणजे गाठ उलट्या बाजूला जाते आणि बॉबिनचा धागा वर दिसत नाही. पट्टीसारख्या भरीव टाक्याची उलटी बाजू पाहा. मध्ये साधारण एक तृतीयांश रुंदीत बॉबिनचा धागा आणि दोन्ही कडांना वरचा धागा दिसत असेल, तर टेन्शन बरोबर आहे. बॉबिनचा धागा वर डोकावत असेल, तर वरचे टेन्शन थोडे कमी करा. खाली वरच्या धाग्याचे सैल फास दिसत असतील, तर आधी धागा नीट ओवला आहे का ते तपासा. बहुतेक वेळा तो टेन्शनच्या चकत्यांत बसलेला नसतो.

रजाईची दोन्ही अंगे दिसतात. म्हणून तिन्ही थरांतून भरतकाम करायचे असेल, तर बॉबिनमध्ये पांढरा धागा न भरता अस्तराच्या रंगाचा भरावा.

घरी फक्त पायमशीन असले तरी अडत नाही. फूट काढून, कापड रिंगमध्ये ताणून आणि रिंग हाताने फिरवून आपल्याकडे अनेक घरांत भरतकाम होत आले आहे. पुढचा हिशेब त्या कामालाही लागू पडतो.

३. टाक्यांची मोजणी

समजा, १० सेंमी × १० सेंमी चौकोन पूर्ण भरायचा आहे. घरगुती मशीनची लहान रिंग साधारण एवढीच असते. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्यासाठी दोन ओळींतील अंतर ०.४ मिमी आणि टाक्याची लांबी ४ मिमी धरू.

एका टाक्याच्या वाट्याला येणारे क्षेत्रफळ = ०.४ × ४ = १.६ चौ. मिमी
एकूण टाके = १०,००० ÷ १.६ = ६,२५०

मिनिटाला ६०० टाके या वेगाने मशीन सुमारे साडेदहा मिनिटे चालेल. फक्त वरच्या बाजूला दिसणारा धागा ६,२५० × ४ मिमी, म्हणजे २५ मीटर होईल.

आता त्याच चौकोनात फक्त तगाई करू. ओळींत ५ सेंमी अंतर आणि टाका २.५ मिमीचा.

एका टाक्याच्या वाट्याला = ५० × २.५ = १२५ चौ. मिमी
एकूण टाके = १०,००० ÷ १२५ = ८०

६,२५० आणि ८०, म्हणजे जवळजवळ ७८ पट फरक. भरीव नक्षीला 'जरा जास्त तगाई' समजू नये, हे या आकड्यांवरून कळते. ती वेगळीच गोष्ट आहे.

छिद्रांचाही विचार करा. सुईवर ७५/११ असे छापलेले असते. त्यातील ७५ म्हणजे सुईच्या पात्याची जाडी ०.७५ मिमी. अशा एका छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ०.४४ चौ. मिमी येते. त्याला ६,२५० ने गुणले, तर २,७५० चौ. मिमी, म्हणजे चौकोनाच्या २७ टक्क्यांहून जास्त. प्रत्यक्षात कापड फाटत नाही, कारण टोकदार सुई धागे तोडत नाही, बाजूला सारते. पण सुई बोथट झाली की धागे तुटू लागतात, आणि मलमलीसारख्या पातळ कापडावर ते लगेच दिसते. म्हणून मोठी नक्षी सुरू करताना नवी सुई लावणे परवडते. तिन्ही थर शिवायचे असतील तर ९०/१४ ची सुई घ्या, ती जाडीत वाकत नाही.

४. ऊब किती जाते?

रजाईची ऊब कापसात अडकलेल्या स्थिर हवेमुळे असते. पिंजलेल्या भरणाची औष्णिक वाहकता ढोबळमानाने ०.०४ वॅट प्रति मीटर-केल्विन धरू. भरण १० मिमी जाड असेल, तर प्रत्येक चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला

०.०४ ÷ ०.०१ = ४ वॅट

इतकी उष्णता जाईल. दाट भरतकामाखाली भरण दाबले जाऊन २ मिमी झाले, तर तेथे

०.०४ ÷ ०.००२ = २० वॅट

जाईल. दाबल्यावर वाहकता थोडी बदलते, पण पहिल्या अंदाजासाठी ती तीच धरली आहे.

आता १.५ मी × २ मी, म्हणजे ३ चौ. मीटरची रजाई घ्या. मधोमध ३० सेंमी × ३० सेंमीचे एक दाट फूल तिन्ही थरांतून काढले. ते ०.०९ चौ. मीटर, म्हणजे रजाईच्या ३ टक्के आहे.

सरासरी = (०.९७ × ४) + (०.०३ × २०) = ३.८८ + ०.६० = ४.४८ वॅट

भरणातून जाणारी उष्णता १२ टक्के वाढली. आता मध्यभागी एक आणि चार कोपऱ्यांत चार अशी पाच फुले काढली, तर व्याप्ती १५ टक्के होते.

सरासरी = (०.८५ × ४) + (०.१५ × २०) = ३.४ + ३.० = ६.४ वॅट

म्हणजे ६० टक्के वाढ! रजाईच्या आतबाहेरचे हवेचे थरही थोडा अडथळा करतात, म्हणून प्रत्यक्ष परिणाम यापेक्षा कमी जाणवेल, पण दिशा हीच राहील. जयपूरला जानेवारीत रात्रीचे तापमान ८ अंशांच्या आसपास उतरते. तेथे हा फरक अंगाला कळतो.

५. मग भरतकाम कुठे करावे?

यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग : आधी भरतकाम, मग रजाई. वरच्या एकेरी कापडावर नक्षी काढून घ्यायची आणि नंतर भरण व अस्तर जोडून नक्षीच्या कडेने तगाई करायची. यात भरतकाम भरणाला दाबत नाही. वर काढलेला ६० टक्क्यांचा तोटा येथे जवळजवळ टळतो. दाट नक्षीसाठी हाच मार्ग योग्य. सुट्या कापसाच्या रजाईसाठीही हाच घ्यावा, कारण सुटा कापूस रिंगमध्ये एकसारखा बसत नाही आणि छिद्रांतून त्याचे तंतू बाहेर येतात.

पातळ कापडाला खालून आधार लागतो. बाजारात त्यासाठी कागदासारखे अस्तर मिळते. ते तीन प्रकारचे असते : फाडून काढायचे, कापून काढायचे आणि पाण्यात विरघळणारे. मलमलीवर हलकी नक्षी असेल तर विरघळणारे घ्या, मागे ताठपणा उरत नाही. दाट नक्षीला कापून काढायचे अस्तर लागते. त्याचा काही भाग मागे कायम राहतो, हे नक्षी ठरवतानाच लक्षात घ्या.

दुसरा मार्ग : तगाईलाच नक्षी बनवणे. तिन्ही थर रिंगमध्ये धरून फक्त रेघांची नक्षी काढायची, भरीव भाग ठेवायचा नाही. टाके थोडे लागतात आणि तगाईही होऊन जाते. यासाठी सुटा कापूस न वापरता चादरीसारखे एकसंध भरण घ्यावे.

तिसरा मार्ग : कापडाचा तुकडा जोडणे. झालानाचे जंगल बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे. समजा, उशीच्या अभ्र्यावर बिबट्याचा चेहरा हवा आहे आणि तो ८ सेंमी व्यासाचा गोल धरला. तो टाक्यांनी भरला तर क्षेत्रफळ ५,०२७ चौ. मिमी, आणि टाके ५,०२७ ÷ १.६, म्हणजे सुमारे ३,१४०. त्याऐवजी पिवळ्या कापडाचा गोल तुकडा ठेवून कडेला भरीव पट्टीचा टाका घातला, तर परीघ २५१ मिमी. एका बाजूच्या दोन छिद्रांत ०.४ मिमी अंतर धरले, तर दोन्ही बाजू मिळून सुमारे १,२५५ टाके लागतील. तुकड्याची जागा आखणे आणि तो पक्का करणे यांसाठी आणखी २०० धरा. एकूण सुमारे १,४५५, म्हणजे निम्म्याहून कमी. शिवाय मधला भाग मऊ राहतो. अंगावरचे ठिपके मात्र लहान असतात, ते टाक्यांनी भरले तरी चालतात. लहान आकार भरावा, मोठा आकार कापडाने झाकावा, असा साधा नियम लक्षात ठेवा.

६. धागा न तोडता नक्षी : ऑयलरचा नियम

दुसऱ्या मार्गात एक अडचण येते. धागा जिथे तुटतो, तिथे उलट्या बाजूला गाठ आणि शेपूट राहते. रजाईची उलटी बाजू दिसते, आणि धुताना या गाठी सुटू शकतात. म्हणून रेघांची नक्षी एका दमात पूर्ण व्हावी.

ती होईल की नाही, हे आधी सांगता येते. लिओनार्ड ऑयलर यांनी क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न १७३६ मध्ये सोडवला, तोच नियम येथे वापरायचा. प्रत्येक जोडबिंदूवर किती रेघा मिळतात ते मोजा. सर्व संख्या सम असतील, तर कोठूनही सुरू करून तेथेच परत येता येते. नेमक्या दोन विषम असतील, तर एका विषम बिंदूपासून निघून दुसऱ्यावर थांबता येते. त्याहून जास्त विषम असतील, तर एका दमात जमणार नाही.

आठ पाकळ्यांचे फूल घ्या. प्रत्येक पाकळी केंद्रातून निघून केंद्रातच परत येते, म्हणून केंद्रावर १६ रेघा मिळतात. संख्या सम आहे, म्हणजे जमेल. चौकोन आणि त्याचे दोन कर्ण घ्या. केंद्रावर ४, पण चारही कोपऱ्यांवर ३. चार विषम बिंदू, म्हणजे किमान दोन वेळा धागा लावावा लागेल.

यावर एक युक्ती आहे. प्रत्येक रेघ दोनदा शिवली, जाताना एकदा आणि येताना एकदा, तर सर्व बिंदू आपोआप सम होतात. धारवाडकडच्या कसुती भरतकामात 'गवंती' नावाचा टाका नेमका असाच आहे. जाताना धावदोरा घालायचा आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. त्यामुळे दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी दिसते आणि गाठ लागत नाही. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी रेघेचा पर्याय असतो, तो हेच करतो.

७. मशीनला चित्र कळत नाही

भरतकामाचे मशीन छायाचित्र वाचत नाही. त्याला फक्त 'इतके उजवीकडे, इतके वर, टाका घाल' अशी यादी लागते. उद्योगात फार वापरल्या जाणाऱ्या डीएसटी या फाइल प्रकारात एक एकक म्हणजे ०.१ मिमी, आणि एका पावलात कोणत्याही दिशेने जास्तीत जास्त १२१ एकके, म्हणजे १२.१ मिमी सरकता येते. हा आकडा १२१ का? कारण पाऊल ८१, २७, ९, ३ आणि १ या संख्यांची बेरीज-वजाबाकी करून लिहितात, आणि या पाचांची बेरीज १२१ आहे. उदाहरणार्थ, ५ मिमी म्हणजे ५० एकके = ८१ − २७ − ३ − १. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही संतुलित त्रिमान पद्धत ओळखीची वाटेल.

याचा व्यवहारात एक परिणाम होतो. टाक्यांची तयार फाइल नुसती मोठी केली, तर टाक्यांची संख्या तीच राहते. दीडपट केल्यास ओळींतील अंतर ०.४ वरून ०.६ मिमी होते आणि मधून कापड दिसू लागते. निम्मी केल्यास अंतर ०.२ मिमी होते. टाक्यांची दाटी चौपट होऊन कापड ताठ होते आणि सुई मोडण्याची शक्यता वाढते. म्हणून आकार बदलायचा तर मूळ चित्रात बदला आणि टाके नव्याने तयार करा. इंकस्केप हे चित्राचे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडायचे इंक-स्टिच ही दोन्ही मोफत आणि मुक्त आहेत. सुरुवातीला ती पुरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कापड टाक्यांच्या दिशेने आत ओढले जाते. पडद्यावर काढलेला गोल शिवल्यावर लंबगोल होतो. त्यासाठी नक्षी टाक्यांच्या दिशेने किंचित रुंद काढतात. किती, हे कापडावर अवलंबून असते. ते स्वाध्यायातील तिसऱ्या प्रयोगाने काढता येते.

८. भेट द्यायच्या वस्तूसाठी काळजी

• सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. नवे सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकते, पॉलिएस्टरचा धागा आटत नाही. न धुता भरतकाम केले, तर पहिल्या धुण्यातच नक्षीभोवती चुण्या पडतात.
• गडद रंगाच्या कापडाचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग जातो का ते पाहा.
• रिंगमध्ये कापड सपाट आणि घट्ट हवे, पण ओढून ताणलेले नको. ताणून शिवलेले कापड रिंगमधून काढल्यावर आकसते.
• पट्टीचा टाका ७ मिमीपेक्षा लांब ठेवू नका. लांब धागे बांगडीत, नखात अडकतात.
• ज्याला भेट द्यायची त्याचे नाव रजाईच्या मध्यावर न काढता कोपऱ्यावर किंवा वेगळ्या पट्टीवर काढा. अंगाला टोचत नाही आणि ऊबही जात नाही.

मशीन आल्यावर हाताच्या तगाईचे काय, हाही प्रश्न विद्यार्थी विचारतात. हाताचा धावदोरा एकाच धाग्याचा असतो. तो भरणाला मशीनच्या दुहेरी टाक्याइतका करकचून दाबत नाही. म्हणून सुट्या कापसाच्या हलक्या रजाईला हाताची तगाई आजही जास्त शोभते आणि ऊबही राखते. वरच्या कापडावर मशीनचे भरतकाम आणि थर जोडायला हाताची तगाई, अशी वाटणी केली तर दोन्ही कामे आपापल्या जागी राहतात. तगाई दुसऱ्याकडून करून घेणार असाल, तर तिची मजुरी भेटीच्या खर्चात आधी धरा. मशीन साडेदहा मिनिटांत चौकोन भरते, पण पूर्ण रजाईची तगाई करणाऱ्या हातांना कितीतरी जास्त वेळ लागतो.

स्वाध्याय

१. १२ सेंमी × ८ सेंमी आयत भरायचा आहे. ओळींतील अंतर ०.५ मिमी आणि टाका ३.५ मिमी. एकूण टाके काढा. (उत्तर : सुमारे ५,४८६)

२. पंचकोन आणि त्याचे पाचही कर्ण मिळून झालेली नक्षी एका दमात शिवता येईल का? कर्ण एकमेकांना छेदतात ते बिंदूही मोजा. (उत्तर : येईल. प्रत्येक बिंदूवर ४ रेघा आहेत.)

३. जुन्या सुती कापडावर ३० मिमी व्यासाचा भरीव गोल शिवा. टाक्यांच्या दिशेने आणि तिच्याशी काटकोनात व्यास मोजा. दोन मापांतील फरक ही त्या कापडासाठी करायची दुरुस्ती. वेगळे आधार-अस्तर वापरून प्रयोग पुन्हा करा आणि फरक नोंदवा.

४. विभाग ४ मधील रजाईवर २० सेंमी × २० सेंमीची दहा दाट फुले तिन्ही थरांतून काढली, तर भरणातून जाणारी उष्णता किती टक्के वाढेल? (उत्तर : सुमारे ५३ टक्के) हीच फुले पहिल्या मार्गाने काढली तर काय होईल, ते दोन वाक्यांत लिहा.

५. घरातील जुनी गोधडी किंवा रजाई घ्या. १० सेंमी × १० सेंमी भागातील टाके मोजा आणि ते ८० या आकड्याशी ताडून पाहा. टाके जास्त असतील तर का, हे ती शिवणाऱ्या व्यक्तीला विचारून लिहा.